दोन बादल्यांचा समुद्र

श्रावण लागला की आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांचे चेहरे बघवत नाहीत. आदल्या दिवशी गटारी म्हणून सुरमईच्या तुकड्यांवर तुटून पडलेली हीच मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये अशी उभी असतात, जशी काही घरदार सोडून हिमालयात निघाली आहेत. "आमचं बंद हां आता. गणपती जाईपर्यंत." कुणी विचारलेलं नसतं. तरी सांगतात, आणि सांगून झालं की आपल्या तोंडाकडे बघत राहतात, आपणही काहीतरी सोडल्याचं कबूल करावं म्हणून. पुढचा महिनाभर यांना मासे सोडून दुसरा विषय सुचत नाही. मला या एका महिन्याच्या संतांचा मनस्वी तिटकारा आहे. सोडायचं तर गप्प सोडा, नाहीतर सरळ खा. देव काही भांडुपच्या मासळीबाजारात उभा राहून कुणी काय घेतलं ते बघत बसलेला नाही.

यंदाही श्रावण लागला, लिफ्टमध्ये तेच चेहरे दिसले, आणि घरात पाऊल टाकलं तर गॅलरीतून तो वास आला. ओहोटीनंतर खडकांना येतो तसला खारट, त्यात पावसात न वाळलेल्या कपड्यांचा थोडा कुबटपणा आणि तळाशी कुठेतरी आंबट ताक. सोबत हवेच्या पंपाची घुरघुर. पर्स खाली ठेवायच्या आधीच मला कळलं की विलासने पुन्हा दुकान मांडलंय. आणि त्या वासासरशी मागचा एक श्रावण जसाच्या तसा समोर येऊन उभा राहिला, न बोलावता.

विलास माझा नवरा. आमचं लग्न ऑफिसातलं, त्यामुळे घरात 'अहो' कधी आलंच नाही, आणि हे माझ्या सासूबाईंना इतक्या वर्षांनंतरही खटकतं. लग्नानंतर मी मुलुंडच्या एका पतपेढीत लागले, तो मात्र पवईच्या त्याच कंपनीत राहिला. त्या वर्षी, पाऊस चांगला लागला असताना, कंपनीने त्याला एका थंडगार खोलीत बोलावलं, नव्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या आणि हातात फुलांचा गुच्छ ठेवला. माणसाला घालवून देताना त्याच्या हातात फुलं देण्याची ही रीत कुणी काढली कोण जाणे. पूर्वी निदान तोंडावर शिवी देऊन काढायचे, त्यात काही प्रामाणिकपणा तरी होता. तो गुच्छ घेऊन हा रिक्षाने घरी आला. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्यातली शेवंती निवडून देवाला वाहिली आणि वरचा चकचकीत कागद घडी घालून ठेवून दिला. काय झालंय ते त्यांनी विचारलं नाही.

मग विलास झोपला. म्हणजे रात्री झोपतात तसा नाही. सकाळी उठायचा, चहा घ्यायचा, आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. दाढी वाढली. फोन पालथा पडून राहायला लागला. नातेवाइकांनी आपापला शहाणपणा आणून आमच्या दारात ओतला. माझ्या दिराने सांगितलं की आता काहीतरी स्वतःचं सुरू कर, वडापाव वगैरे. स्वतः आयुष्यभर एका टेबलाला चिकटून बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या धंद्याबद्दल किती धाडस असतं ते मी तेव्हा पाहिलं. शेजारच्या बाई येऊन म्हणाल्या, "पॉझिटिव्ह राहायचं." मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची एक टाकी पूर्वीपासून आहे. त्यात क्लाउनफिशची एक जोडी: नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी अपमान केल्याचा भाव. ही जोडी टाकीतल्या मडक्याच्या खापरावर अधूनमधून अंडी घालायची. नर त्यांना पंखांनी वारा घालायचा. अंडी फुटायची आणि पिल्लं एक तर कुणाच्या तरी पोटात जायची नाहीतर उपाशी मरायची. आमचं त्याकडे लक्षही नसायचं, ऑफिसला जायची घाई असायची. त्या श्रावणाच्या तोंडावर त्यांनी पुन्हा अंडी घातली, आणि घरात पहिल्यांदाच असा एक माणूस होता ज्याला कुठेही जायचं नव्हतं. विलास भिंतीकडून वळला. टाकीसमोर स्टूल ठेवून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने जे पुढे सुरू केलं ते बघून कुठल्याही शहाण्या बाईचं डोकं फिरलं असतं. या पिल्लांचं तोंड म्हणे इतकं बारीक, की बाजारातलं कुठलंही खाणं त्यात जात नाही. त्यांना जिवंतच खाणं लागतं, आणि तेही डोळ्यांना धड न दिसणारं. त्याला रोटिफर म्हणतात. समुद्रात ते तरंगत असतात, पिल्लांच्या तोंडात आपोआप जातात. भांडुपमध्ये तरंगत नाहीत, म्हणून ते घरी वाढवायचे. ते वाढायला त्यांनाही खाणं हवं, ते म्हणजे हिरवं पाणी, एक जातीचं सूक्ष्म शेवाळ. ते शेवाळ वाढायला ऊन हवं. श्रावणात ऊन कुठलं, म्हणून गॅलरीत ट्यूबलाइट. थोडक्यात, जे आम्ही कधी खाणार नव्हतो ते वाढवण्यासाठी, जे आम्हाला दिसत नव्हतं ते पाळायचं, आणि त्याच्या पोटासाठी गॅलरीत शेवाळाची शेती करायची. माझे सासरे गिरणीत होते. गिरणी गेली तेव्हा त्यांनी रस्त्यावर उभं राहून छत्र्या दुरुस्त केल्या होत्या. त्यांचा मुलगा पाण्याला ट्यूबलाइट लावत होता.

आई खुर्चीत बसून सगळं बघायच्या. मूळच्या मालवणजवळच्या, त्यामुळे माशांबद्दलचं त्यांचं तत्त्वज्ञान सरळ होतं.

"खातत काय रे हे?" त्यांनी एक दिवस विचारलं.

"नाही गं आई. हे शोभेचे."

"मगे कित्याक?"

मग कशाला, हा माझाही प्रश्न होता. मी आईंच्या बाजूने उभी राहिले, जे आमच्या घरात फार क्वचित घडतं.

गॅलरीत दोरीवर वाळत घातलेल्या परकरांच्या खाली सोड्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या. प्रत्येकीत एक नळी, प्रत्येकीत बुडबुडे, आणि पाणी पालकाच्या रसासारखं. त्यांच्या शेजारी दोन निळ्या बादल्या. रोटिफर त्यांत. जन्मात स्वतःचा कप बेसिनपर्यंत न नेलेला हा माणूस आता बारीक जाळीचं कापड दिवसातून चारचारदा धूत होता. बादलीतलं पाणी गाळायचं, कापडावर राहिलेला करडा गाळ, अंडी फुटल्यावर वेगळ्या काढलेल्या पिल्लांच्या टाकीत सोडायचा, बादलीत पुन्हा हिरवं पाणी घालायचं. एकदा त्याने मला बोलावलं, ग्लासात बादलीतलं पाणी घेतलं आणि मागून टॉर्च धरला. पाण्यात बारीक पांढरे ठिपके होते आणि ते आपापल्या मर्जीने हलत होते.

"धूळ आहे," मी म्हटलं.

"धूळ अशी चालते का गं?"

"आपल्या घरातली चालते. तुझ्यापेक्षा जास्त."

तो हसला. किती दिवसांनी हसला होता. मी लगेच वळून स्वयंपाकघरात गेले, कारण माझा चेहरा त्याला दिसायला नको होता.

इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकते. त्या पिल्लांचं मला काडीचं सोयरसुतक नव्हतं. कापलेल्या पापणीच्या केसांएवढी ती, सगळी मिळून एका चमच्यात मावली असती. पण ती मेली तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल आणि या खेपेला उठणार नाही, ही भीती मला रोज पतपेढीच्या खिडकीत बसून वाटायची. लोकांच्या पासबुकांवर शिक्के मारताना वाटायची. ती मी कुणाला बोलले नाही. घरी येऊन बाटल्यांवरून टोमणे मारले. ते सोपं पडतं, आणि विलासलाही त्याची सवय आहे.

या छंदाचे म्हणून काही लोक असतात. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, आणि त्या ग्रुपचे सर्वेसर्वा बोरिवलीचे एक मोकाशी. छंदिष्ट माणूस एकटा असेल तर सहन होतो. चार छंदिष्ट एकत्र आले की त्यांतला एक गुरू होतो आणि बाकीचे हात जोडतात. मोकाशी रोज सकाळी 'नमस्कार सागरमित्रांनो' अशी सुरुवात करून हातभर उपदेश पाठवायचे. विलासने काही विचारलं की उत्तर यायचं, "भांडुपचे संशोधक काय म्हणतात बघा," आणि पुढे हसणारी तोंडं. त्यांच्या उपदेशांत एकच गोष्ट मला पटण्यासारखी वाटली होती: जिवंत खाणं कधी एकाच घरात ठेवू नये, वाटून ठेवावं, म्हणजे आपलं गेलं तर दुसऱ्याकडून परत आणता येतं. यात नवीन काय? आमच्या जुन्या चाळीत विरजण असंच चालायचं. कुणाचं तरी दही बिघडायचं, आणि वाटी घेऊन शेजारी जायचं. मोकाशींनी ते इंग्रजीतून सांगितलं इतकंच.

हे मोकाशी एकदा आमच्या घरी आले होते, विलासला मार्गदर्शन करायला. विलासच्या बादल्या नुकत्याच भरात आल्या होत्या. त्यांनी बादलीत वाकून बघितलं, 'ठीक आहे' म्हणाले, आईंच्या हातचं कोकम सरबत दोनदा मागून प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी माझी आगळाची बरणी सापडेना. कोकमाचं आगळ आईंच्या बहिणीकडून येतं, ते मी एका काचेच्या बरणीत ठेवते. तिचं हिरवं झाकण एकदा गॅसजवळ राहून एका बाजूने वितळलंय. आगळ दुसऱ्या भांड्यात ओतून बरणी गेली होती. विलासला विचारलं तर म्हणाला, कुठेतरी असेल. मी दोन दिवस बडबडले आणि विसरले.

मग नारळी पौर्णिमा आली. त्याच दिवशी राखी, म्हणून विलास आणि मी मानखुर्दला त्याच्या बहिणीकडे गेलो. आईंचे गुडघे दुखत होते, त्या घरी राहिल्या. निघताना विलासने पिल्लांना खायला घातलं, सगळे पंप तपासले, वीज गेली तर काय करायचं ते आईंना समजावून सांगितलं. आईंनी मान डोलावली. त्या वेळी त्यांच्या मनात काय शिजत होतं ते आम्हाला कुठून कळणार? गॅसवर फक्त नारळी भात दिसत होता.

परत आलो तेव्हा आई नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. चेहरा असा, की जणू घरात काही मंगल कार्य उरकलंय.

"समुद्राक नारळ दिलंय," त्या म्हणाल्या.

"कुठल्या समुद्राला, आई?" मी विचारलं. भांडुपला समुद्र नाही. खाडी आहे, पण तिथवर आईंचे गुडघे जात नाहीत.

"ह्या काय, घरात नाय आसा? खारा पाणी, माशांची पोरां, अजून समुद्र तो काय वेगळो आसता?"

आम्ही गॅलरीत गेलो. दोन्ही निळ्या बादल्यांना हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि पाण्यावरही हळदीकुंकू तरंगत होतं. एकेक जास्वंद. आणि दोन्ही बादल्यांत नारळाचं पाणी, अर्धं अर्धं. खरं तर समुद्राला नारळ अख्खा सोडायचा असतो, हे आईंनीच पुढे सांगितलं, पण एवढ्याशा समुद्राला अख्खा नारळ कशाला, नळ्याबिळ्या तुटतील, म्हणून त्यांनी तो फोडून नुसतं पाणी वाहिलं. एका बादलीला दिलं आणि दुसरीला नाही, असा पंक्तिप्रपंच त्यांना जमला नाही. हिरव्या बाटल्यांना मात्र काही मिळालं नव्हतं. शेवाळाला कसला मान?

"गाराणाव घातलंय," आई म्हणाल्या. "'व्हय म्हाराजा' म्हणाक कोण नाय होता, तर मीच म्हटलंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा एकाने देवाला विनवायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. एकट्याने दोन्ही म्हणणं म्हणजे स्वतःच स्वतःला वाढून घेणं. मला हसू आलं, आणि लगेच विलासच्या चेहऱ्याकडे बघून ते गेलं. नारळाच्या पाण्यात साखर असते, साखरेने बादलीतलं पाणी सडतं. हे मला नंतर कळलं. त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

"बरं केलंस, आई," तो म्हणाला.

आणि आम्ही तिघं नारळी भात जेवायला बसलो. माझ्या घशाखाली तो भात कसा उतरला ते मला ठाऊक. विलासने मागून घेतला.

आई टीव्हीसमोर बसल्यावर त्याने दोन्ही बादल्या गाळल्या, स्वच्छ खाऱ्या पाण्यात घातल्या, जमेल ते केलं. सकाळी बादल्यांवर फेस होता आणि वास असा, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. ग्लासात पाणी घेऊन त्याने टॉर्च धरला. ठिपके होते, तळाशी. एकही हलत नव्हता.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला. एवढंच. मग आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होते. बनियनला काखेत भोक होतं. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींचा तिरस्कार केला आहे, पण त्या पाठीइतका कशाचाच केला नसेल. त्या पाठीला जिने असं केलं त्या थंडगार खोलीचा, त्या गुच्छाचा, दिराच्या वडापावचा, सगळ्यांचा मला इतका संताप आला की मी पतपेढीत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि मोकाशींचा पत्ता शोधून बोरिवलीची बस पकडली.

मोकाशींच्या घरात शिरताना चपला बाहेर, मग पाय धुवा, मग हात धुवा. इतकं सोवळं मी देवळातही पाळलेलं नाही. भिंतभर टाक्या, निळे दिवे, आणि मधोमध लुंगीवर स्वतः.

"वहिनी, तुम्ही? संशोधक कुठेत?"

मी म्हटलं, आमचे रोटिफर गेले. थोडे द्या.

"कसे गेले?"

"गेले."

"नाही, बेसिक चुका असतात ना या. कॉन्टॅमिनेशन. मी त्यांना किती वेळा बोललो, भाऊ, शिस्त पाहिजे. हा काय टाइमपास आहे का? लोक ऐकतच नाहीत, यार."

ते बोलत राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून मागच्या फळीकडे बघत होते. फळीवर एका ओळीत बाटल्या, आणि त्यांच्या टोकाला एक बरणी. हिरवं झाकण. एका बाजूने वितळलेलं.

"ती बरणी आमची आहे," मी म्हटलं.

मोकाशींनी मागे वळून बघितलं. "असेल."

"त्यात काय आहे?"

"कल्चरच आहे, रोटिफरचं. मध्ये माझ्याकडचं सगळं गेलं होतं, तेव्हा विलासने... म्हणजे, मी जरा आणलं होतं."

म्हणजे उपदेशाच्या हातभर लांब पोथ्या लिहिणाऱ्या या माणसाच्या घरातलं सगळं मेलं होतं, हा आमच्या घरी विरजण मागायला आला होता, 'मार्गदर्शन' म्हणून, आणि विलासने माझी बरणी रिकामी करून त्याला भरून दिली होती. ग्रुपवर अवाक्षर नाही. विलासने घरातही अवाक्षर काढलं नव्हतं, माझी दोन दिवसांची बडबड निमूट ऐकून घेतली होती. मी मोकाशींना खूप काही बोलू शकले असते. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, आणि ती काही मागे राहणारी जीभ नाही. पण बरणी अजून त्यांच्या फळीवर होती. मी हात पुढे केला आणि वाट बघत राहिले. त्यांनी बरणी काढून दिली. वरून म्हणाले, "झाकण सैल ठेवा, वहिनी. जीव आहेत आत."

परतीच्या बसमध्ये ती बरणी मांडीवर धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला थोडं पाणी साडीवर सांडत होतं. शेजारच्या बाईने नाक मुरडलं, मग उठून दुसरीकडे गेली. चांगलं झालं, मला पाय पसरता आले. मधेच बरणी खिडकीकडे धरून बघितली. ढगांतून येणाऱ्या त्या फिकट उजेडात ठिपके हलत होते. मी बराच वेळ बघत बसले असेन, कारण माझा स्टॉप मागे गेला.

घरी येऊन मी बरणी विलासच्या उशाशी ठेवली.

"ऊठ. विरजण आणलंय."

तो वळला. बरणी बघितली, झाकण बघितलं, मग माझ्या ओल्या साडीकडे बघितलं. "मोकाशीने दिलं?"

"आपलंच आहे. तुला ठाऊक आहे."

तो उठून बसला. बरणी दोन्ही हातांनी उचलली, उजेडाकडे नेली, आणि तशीच छातीशी धरून गॅलरीत गेला. पाठोपाठ जाळीचं कापड धुतल्याचा आवाज आला. मी मोरीत जाऊन साडी बदलली आणि तिथेच नळ सोडून रडून घेतलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मोकाशींचा संदेश आला: 'आज भांडुपच्या मित्राला आपल्याकडून रोटिफर दिले. वाटल्याने वाढते.' खाली विलासचे हात जोडलेले. मी फोन भिरकावणार होते.

"अगं, त्याने जिवंत तर ठेवले ना," विलास म्हणाला.

असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नाही.

पिल्लांतली बरीच तोवर गेली होती. राहिली ती राहिली. गोपाळकाला होऊन गेल्यावर एका सकाळी विलासने आम्हा दोघींना हाक मारली. काळपट पापणीचे केस होते तिथे आता नारिंगी कण होते आणि त्यांच्यावर पांढऱ्या रेषा उमटायला लागल्या होत्या, पेन्सिलने ओढाव्यात तशा. आई काचेला नाक लावून बघत राहिल्या.

"पावलो समुद्र," त्या म्हणाल्या. "नारळ पावलो."

विलासने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं. ते गुपित आम्ही दोघांनी तेव्हापासून पोटात ठेवलं आहे. निदान मी तसं समजत होते.

ती पिल्लं मोठी होऊन कुठकुठल्या घरांत गेली, दोन आमच्याकडेच आहेत. विलास आता मानखुर्दला एका गोदामात हिशेब बघतो. नोकरी भिकार आहे आणि साहेब त्याहून, पण तो जातो आणि परत येतो. यंदा पुन्हा अंडी आली, पुन्हा बाटल्या, पुन्हा वास. काल नारळी पौर्णिमा होती. या वर्षी नणंदच राखी बांधायला आमच्याकडे यायची होती. सकाळी उठून बघते तर गॅलरीत दोनाऐवजी तीन बादल्या. जुन्या दोन वॉशिंग मशीनच्या मागे सरकवून वर चादर टाकलेली, आणि पुढे, अगदी दाराशी, एक नवी. तिच्यातही नळी, तिच्यातही बुडबुडे.

"ही आईची," विलास हळूच म्हणाला. "नुसतं मिठाचं पाणी आहे. काय वाहायचं ते वाहू दे." आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन अंघोळीला गेला.

आई आल्या. ताटात नारळ, हळदकुंकू, जास्वंद. बादलीपुढे वाकल्या. बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं. मग माझ्याकडे वळल्या.

"हेच्यात काय जिता नाय."

"आहे ना, आई. बारीक असतं, दिसत नाही."

"माका शिकव नको. जित्या पाण्याक वास आसता. ह्या नुसता मिठाचा पाणी." त्यांनी बोट लुगड्याला पुसलं. "त्या वर्सा माज्या नारळान मेले ते. माका म्हायत आसा. सकाळी फेस बघलंय मी. तू बरणी घेवन इलंस, ताव बघलंय. तुमी माका सांगल्यात नाय, मगे मीव बोललंय नाय."

मी नव्या बादलीतली नळी उगाच नीट केली.

"तुमका दोघांकव खोटा बोलूक येणा नाय," आई म्हणाल्या, आणि असल्या तुच्छतेने म्हणाल्या की मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला त्यांच्यापुढे शिकाऊ असल्यासारखं वाटलं. "माजो भात कसो गिळलात ता काय माका दिसला नाय?"

मग त्यांनी स्वतःच वॉशिंग मशीनमागची चादर बाजूला केली. गुडघे धरत खाली बसल्या. नारळ फोडला नाही. अख्खा नारळ बादल्यांपासून हातभर लांब, जमिनीवर ठेवला, हळदकुंकू नारळाला लावलं, पाण्याला नाही. पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, समुद्रदेवा, ह्या माज्या झिलान, विलासान, जा काय ह्या मांडल्यान आसा, तेका यश दी रे म्हाराजा..."

आणि थांबल्या. बुडबुडे चालू होते. आतून बाथरूमच्या नळाचा आवाज येत होता. आईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"म्हण गो. का ह्याव मीच म्हणू?"

"व्हय महाराजा," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. शेजारच्या गॅलरीत कुणी ऐकलं असेल तर ऐको.